लाइव्ह शो, स्टेडियम आणि ऑटिस्टिक मुलं: सेन्सरी-फ्रेंडली म्हणजे नेमकं काय काय करायचं असतं

एखाद्या नाट्यगृहाने किंवा स्टेडियमने "आमचा कार्यक्रम सेन्सरी-फ्रेंडली आहे", म्हणजे आवाज, प्रकाश, स्पर्श ज्यांना वेगळ्या प्रकारे जाणवतात त्यांना झेपेल असा आहे, असं जाहीर केलं की बहुतेकांना वाटतं, आवाज जरा कमी ठेवणार असतील, झालं. आवाज कमी करणं त्यात येतंच, पण तेवढ्यावर काम भागत नाही. माझा भाचा ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न आहे, त्याच्यामुळे मी या विषयात बरंच वाचत असते, त्याच्या ओटी मॅडमना म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टना भंडावून सोडत असते, आणि मला यातलं जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगून टाकते. मुलाला पुढे काय होणार आहे हे आधी कळलं पाहिजे, आणि नको झालं की उठून बाहेर जाता आलं पाहिजे, बरं वाटलं की परत आतही येता आलं पाहिजे. एवढं जमलं तर बाकीच्या सोयी उपयोगाला येतात, हे नसेल तर कितीही छान सेन्सरी रूम, म्हणजे अशा मुलांसाठीची खास खोली, बांधा, तिच्यापर्यंत मूल पोचायच्या आधीच सगळं बिनसलेलं असतं.

आता हे असं का, ते नीट समजून घेऊ.

आपल्या सगळ्यांच्याच मेंदूकडे दर क्षणाला ढीगभर माहिती येत असते, पंख्याची घरघर, कॉलरचं टोचणारं लेबल, शेजारच्याच्या परफ्यूमचा वास, डोळ्याच्या कोपऱ्यात हलणारं काहीतरी. मेंदूच्या दारावर एक वॉचमन बसलाय असं समजा, तो यातलं बरंचसं बाहेरच थांबवतो म्हणून आपण समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू शकतो. ऑटिस्टिक मुलांमध्ये हा वॉचमन वेगळ्या नियमांनी काम करतो, काही गोष्टी सगळ्याच्या सगळ्या आत सोडतो आणि काही, ज्या बाकीच्यांना सहज जाणवतात, त्या दारातच अडवतो. म्हणून एकच मूल टाळ्यांच्या आवाजाने कळवळतं आणि गुडघा फुटलाय हे त्याच्या गावीही नसतं. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा जो गाजलेला पेपर लिहिला त्यातच व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, नळाचं वाहतं पाणी यांना घाबरणारी मुलं आहेत, म्हणजे निरीक्षण पहिल्यापासून होतंच, पण निदानाच्या निकषांमध्ये सेन्सरी फरकाला स्पष्ट जागा मिळाली ती २०१३ साली डीएसएम-५, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक, आलं तेव्हा. त्यातही दोन्ही बाजू लिहिल्यात, जास्त जाणवणं आणि कमी जाणवणं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे काही सेन्सरी गोष्टींची जबरदस्त ओढ असणं, चमकणारे लाइट बघत राहणं, गोल फिरणाऱ्या वस्तू बघणं वगैरे.

ही ओढवाली मुलं लोक विसरतात. त्यांना दणदणाट हवा असतो, स्पीकरला हात लावून ते थरथरणं अनुभवायचं असतं, सतत उड्या मारायच्या असतात, आणि "शांत शो" म्हणून जे काही ठेवलं जातं ते त्यांना बेचव वाटतं. त्यांची अडचण वेगळीच असते, त्यांना उभं राहायला, डोलायला, आवाज काढायला परवानगी हवी असते आणि मागच्या रांगेतून "शू शू" ऐकू यायला नको असतं. त्यामुळे सगळ्या ऑटिस्टिक मुलांना शांतता हवी असते हे डोक्यातून काढून टाका.

इंद्रियं पाच असं आपण शाळेत शिकलो, पण ओटी लोक आठ धरतात. तोल आणि हालचाल कळणं, आपले हातपाय कुठे आहेत हे न बघता कळणं, आणि पोटातली भूक, तहान, लघवी, छातीतली धडधड असं आतलं कळणं. हे शेवटचं कार्यक्रमांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे, कारण ज्या मुलाला आतलं नीट कळत नाही त्याला तहान लागलीये, शू लागलीये, आपण घाबरलोय हे पार टोकाला जाईपर्यंत समजत नाही. मग आईबाबा म्हणतात की "आत्ता तर चांगला बसला होता, अचानक काय झालं". अचानक काहीच झालेलं नसतं, मघापासून साचत आलेलं असतं.

साचण्याला अजून एक कारण आहे. आपण गोंगाटाच्या जागी गेलो की थोड्या वेळाने कान सरावतात, आवाज तेवढाच असतो पण टोचायचा थांबतो. सेन्सरी त्रास जास्त असलेल्या ऑटिस्टिक मुलांवर ब्रेन स्कॅनचे जे अभ्यास झालेत त्यांत असं दिसलंय की हे सरावणं त्यांच्यात कमी होतं, म्हणजे विसाव्या मिनिटालाही तो आवाज पहिल्या मिनिटाइतकाच बोचत असू शकतो. "थोडा वेळ थांब, सवय होईल" हे वाक्य आपण प्रेमानेच म्हणतो पण त्या मुलाच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरं ठरत नाही.

आणि मग येतो अंदाजाचा प्रश्न. तुम्ही बघितलं असेल, घरात स्वतः डबा बडवत बसणारं मूल दुसऱ्या कुणी ताट आपटलं की कान झाकतं. लोकांना यात नाटक दिसतं पण हे अगदी सरळ आहे, स्वतः केलेला आवाज कधी येणार हे मेंदूला आधीच माहीत असतं, दुसऱ्याने केलेला माहीत नसतो. कार्यक्रमात तर जवळजवळ सगळेच आवाज दुसऱ्याने केलेले असतात, तेही मुद्दाम दचकवण्यासाठी. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं ना की आधी कळणं महत्त्वाचं, ते यासाठी. एखादा मोठा आवाज होणार आहे हे माहीत असलेलं मूल त्याच आवाजाला बऱ्याचदा निभावून नेतं.

आता कार्यक्रमाच्या जागी नेमकं काय काय असतं ते एका मुलाच्या अंगाने बघा. गेटवर रांग, पुढून मागून धक्के, मेटल डिटेक्टरची टीं टीं, एक अनोळखी माणूस खिसे चाचपतो. बॅगेतून त्याचं चघळायचं खेळणं आणि ठरलेला खाऊचा डबा बाहेर काढून ठेवला जातो. आत लॉबीत गुळगुळीत फरशी आणि उंच छत, त्यामुळे प्रत्येक आवाज घुमतो. मग हॉलमध्ये काळोख, आणि त्या काळोखात एकदम म्युझिक. मूल अजून खुर्चीत बसलेलं पण नसतं तोवर त्याची निम्मी ताकद संपलेली असते.

टॉयलेटचं वेगळं सांगायलाच हवं. माझा भाचा कुठल्याही सार्वजनिक टॉयलेटच्या दारात थांबून आधी भिंतीकडे बघतो, हात सुकवायचं मशीन लटकलेलं दिसलं की पाऊल आत टाकत नाही, मग कितीही जोराची लागलेली असो, पाय एकमेकांवर दाबून उभा राहील पण आत जाणार नाही. मशीन बंद आहे, कुणी वापरत नाहीये, हे सांगून उपयोग नसतो कारण ते कधी सुरू होईल ते त्याच्या हातात नाही. आणि त्याची भीती उगाच नाहीये. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने वेगवेगळ्या ठिकाणच्या या मशीनांचा आवाज मोजला आणि २०१९ साली तो अभ्यास बालरोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये छापून आला, त्यात काही मशीनं १०० डेसिबलच्या वर गेली होती, आणि मुलांच्या कानाच्या उंचीवर आवाज मोठ्यांच्या उंचीपेक्षा जास्त भरत होता. यावरचा उपाय म्हणजे त्या दिवसापुरता मशीनचा स्विच बंद करून कागदी नॅपकिन ठेवणं, याला कुठल्याही ट्रेनिंगची गरज नाही. आपोआप फ्लश होणारे कमोड असतील तर त्यांचंही तेच, सेन्सरवर एक कागद चिकटवला तरी काम होतं.

डेसिबलचा हिशोब थोडा समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. ८५ डेसिबल आवाजात ८ तास हे साधारण सुरक्षिततेचं टोक धरतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. हा कानाच्या इजेचा हिशोब आहे, सगळ्या माणसांसाठीचा, आणि मोठमोठे संगीताचे कार्यक्रम १०० च्या आसपास किंवा वर सहज जातात. डब्ल्यूएचओने म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे, आणि त्याबरोबर आवाज सतत मोजत राहणं, इयरप्लग उपलब्ध ठेवणं आणि कानांना विश्रांती द्यायला शांत जागा ठेवणं हेही आहे. म्हणजे बघा, शांत जागा ही काही ऑटिस्टिक मुलांसाठीची खास मेहेरबानी नाहीये, ती तिथे येणाऱ्या प्रत्येकासाठी असायला हवी असं आता आंतरराष्ट्रीय मानकच सांगतं. मात्र ऑटिस्टिक मुलाचा त्रास इजेच्या कितीतरी आधी सुरू होतो, ७० डेसिबलची गर्दीची बडबड सुद्धा पुरते, त्यामुळे "आमचा आवाज नियमात आहे" हे उत्तर पुरेसं होत नाही.

शिवाय बेस. तो जाड घुमणारा आवाज कानातून कमी आणि छातीतून, खुर्चीतून, जमिनीतून जास्त येतो, हेडफोन घातले तरी तो थांबत नाही. म्हणून सबवूफरपासून, म्हणजे बेस काढणाऱ्या मोठ्या स्पीकरपासून, लांबची सीट देणं हेडफोन देण्याइतकंच गरजेचं असतं.

प्रकाशाचं म्हणाल तर सगळ्यात वाईट म्हणजे स्ट्रोब, भराभर उघडझाप होणारा लाइट. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप प्रकाशाने फिट येणाऱ्या लोकांसाठी धोक्याची असते, आणि ऑटिस्टिक लोकांमध्ये फिट्सचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे स्ट्रोब काढणं हा फक्त आरामाचा भाग नाही, तब्येतीचा आहे. बाकी कॉन्फेटीचा फटाका, धूर, फटाके, मागून येऊन मिठी मारणारा मॅस्कॉट (प्राण्याबिण्याचा मोठा पोशाख घातलेला माणूस), हे सगळं ज्या मुलाला आवडतं त्याला आवडूच दे, पण कधी होणार हे आधी सांगा.

एवढं सगळं साचलं की काय होतं? काही मुलांचा मेल्टडाऊन होतो, ओरडणं, रडणं, स्वतःला मारून घेणं, पळत सुटणं. काहींचा शटडाऊन होतो, मूल गप्प पडतं, नजर थिजते, बोलणारं मूलही शब्द हरवून बसतं. हे दुसरं लोकांच्या लक्षातच येत नाही, उलट "किती शहाण्यासारखा बसलाय" असं कौतुक होतं. मेल्टडाऊन म्हणजे हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल अधूनमधून आपल्याकडे बघतं, परिणाम होतोय का तपासतं, हवं ते मिळालं की थांबतं, मेल्टडाऊनमधल्या मुलाला जे हवं ते दिलं तरी थांबता येत नाही कारण तिथे मागणं काही नसतंच. त्या वेळी दटावणं, समजावणं, प्रश्न विचारणं, सगळं अजून आवाजच वाढवतं. करायचं इतकंच की आजूबाजूची गर्दी हटवायची, लाइट आणि आवाज कमी करायचा, सुरक्षित ठेवायचं, आणि थांबायचं. त्याच्या आधीची लक्षणं ओळखता आली तर फारच बरं, कान झाकणं, एकच वाक्य परत परत म्हणणं, हात जोरात फडफडवणं, मांडीत तोंड खुपसणं, किंवा एरवी बडबडं मूल अचानक गप्प होणं. हात फडफडवणं तसं आनंदातही होतं, म्हणून कुठलं फडफडवणं कशाचं हे घरच्यांनाच विचारावं.

मग सोयी कशा असतात? गेल्या पंधरा वर्षांत यात बरंच काम झालंय. न्यूयॉर्कमध्ये टीडीएफ नावाच्या नाट्यसंस्थेने ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, 'द लायन किंग'चा एक खास प्रयोग ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांसाठी केला, ब्रॉडवेवरचा तसा तो पहिला. नाटक तेच, नट तेच, पण दचकवणारे आवाज कमी केले, स्ट्रोब काढले, लॉबीत शांत कोपरे केले, मदतीला ऑटिझम कळणारी माणसं ठेवली. ब्रिटनमध्ये असल्या प्रयोगांना रिलॅक्स्ड परफॉर्मन्स म्हणतात आणि तिकडे आता ते बऱ्याच नाट्यगृहांत नेहमीचं झालंय. प्रेक्षागृहातले लाइट पूर्ण न घालवता मंद ठेवतात, दारं उघडी असतात, कुणीही कधीही उठावं, बोलावं, परत यावं, आणि काही ठिकाणी सुरू व्हायच्या आधी नट स्टेजवर येऊन आपापली ओळख करून देतात, हा बघा मी व्हिलन, हा माझा मुखवटा, आत माझं तोंड असं आहे. मला हे फार आवडतं कारण यात नाटकाचं काहीच कमी होत नाही, आणि काळोखात तो मुखवटा पुढे आला तेव्हा मुलाला आत कोण आहे ते माहीत असतं.

खेळाच्या मैदानांवर वेगळी वाट निघाली. इंग्लंडमधल्या सनडरलंड क्लबच्या स्टेडियम ऑफ लाइटवर २०१५ साली सेन्सरी रूम उघडली, ती एका ऑटिस्टिक मुलाच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून. या प्रकारच्या खोलीतून काचेआडून मॅच दिसते, गर्दीचा आवाज दबलेला येतो, आणि मॅच नकोशी झाली तर बाजूला बबल ट्यूब (बुडबुडे वर चढणारी पाण्याची उजळ नळी), मऊ लाइट, बसायला बीन बॅग. पुढे बऱ्याच क्लबांनी असं केलं. अमेरिकेत कल्चरसिटी नावाची ना-नफा संस्था स्टेडियम, अरिना, म्युझियम, प्राणिसंग्रहालय अशा ठिकाणच्या स्टाफला ट्रेनिंग देते आणि सेन्सरी बॅग ठेवायला लावते, बॅगेत आवाज अडवणारे हेडफोन, हाताशी चाळा करायला फिजेट, आणि चित्रांचं कार्ड ज्यावर बोट ठेवून न बोलणारं मूल "बाहेर जायचंय", "दुखतंय" सांगू शकतं. काउंटरवर मागायची, जाताना परत द्यायची. मांडीवर ठेवायचं वजनदार पॅड पण बऱ्याच ठिकाणी मिळतं. वजनाबद्दल संशोधनाचे निकाल संमिश्र आहेत, काही मुलं त्याने शांत होतात, काही भिरकावून देतात, त्यामुळे पॅड पुढे करायचं आणि ठरवायचं मुलाने.

सेन्सरी रूम आणि शांत खोली यांत फरक आहे, आणि आयोजक इथे बऱ्याचदा घोळ करतात. सेन्सरी रूममध्ये करायला काहीतरी असतं, लाइट असतात, हात लावून बघायला वेगवेगळे पोत असतात, खेळ असतात. शांत खोलीत काहीच नसतं, तेच तिचं काम. थकलेल्या मुलाला रंग बदलणाऱ्या लाइटच्या खोलीत नेलं तर ते अजून चिडू शकतं. जागा एकच असेल तर शांत खोली करा असं मी म्हणेन, आणि ती प्रेक्षागृहापासून जवळ करा, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीपर्यंत मेल्टडाऊनच्या काठावरचं मूल गर्दीतून नेणं म्हणजे आईबापाची परीक्षाच. खोलीला दार हवं, मंद होणारा लाइट हवा, एसीचा खडखडाट नको, रूम फ्रेशनर तर नकोच नको. आणि खोलीवर कुलूप नको. चावी कुणाकडे आहे हे शोधण्यात जी दहा मिनिटं जातात ना, त्यात सगळं संपतं.

आधी कळण्याची सोय मात्र सगळ्यात स्वस्त आहे आणि तीच सगळ्यात कमी ठिकाणी असते. वेबसाइटवर फोटोंसकट एक साधी पीडीएफ टाकायची, हे गेट, इथे बॅग उघडून बघतात, हा जिना, ही सीट, हे टॉयलेट, इथे शांत बसता येतं. अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या सुमाराला सोशल स्टोरी नावाची पद्धत काढली, मुलाच्या बाजूने, सोप्या वाक्यांत, होणारी गोष्ट आधी सांगायची, आणि आता कार्यक्रमांची ठिकाणं तीच वापरतात. त्यात फक्त गोडगोड लिहू नका. "लाइट एकदम जातील. ढोलाचा मोठा आवाज येईल. तो थोड्या वेळाने थांबेल. मी कान झाकू शकतो. मी बाहेर जाऊ शकतो." असं लिहा. सोबत वेळेचा तक्ता द्या, कितव्या मिनिटाला मोठा आवाज, कधी काळोख, मध्यंतर किती वाजता. नाटक बसवणाऱ्यांकडे लाइट आणि साउंडची क्यू शीट, म्हणजे काय कधी सुरू करायचं याची यादी, असतेच, तिच्यावरून हा तक्ता करायला तासभर पुरतो. काही ठिकाणी मोठा आवाज यायच्या आधी स्टेजच्या कडेला बसलेला स्वयंसेवक चमकणारी कांडी वर धरतो, मुलं ती बघून हेडफोन चढवतात. किती सोपं!

हेडफोनबद्दल थोडं, कारण पालक इथे पैसे वाया घालवतात. विमानात वापरतात ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोन उलट लहरी सोडून आवाज मारतात, ते एकसारख्या घरघरीवर मस्त चालतात, इंजिन, एसी, पंखा. पण टाळ्या, किंकाळ्या, फटाका असल्या अचानक आवाजांवर त्यांचा जोर कमी पडतो. कार्यक्रमासाठी साधे कान पूर्ण झाकणारे इयरमफ जास्त बरे, त्यांना बॅटरी लागत नाही, आणि घट्ट बसले तर साधारण २० ते ३० डेसिबल अडवतात, चष्म्याच्या काडीने किंवा केसांनी फट पडली की बरंच कमी. ते घरी आधी घालून सराव करावा लागतो, काही मुलांना डोक्यावरचा दाबच सहन होत नाही. आणि दिवसभर उठता बसता घालून ठेवू नका असं ओटी सांगतात, कारण कान शांततेला सरावले की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात.

स्टाफचं ट्रेनिंग म्हटलं की लोक मोठी कार्यशाळा डोळ्यासमोर आणतात. खरं तर गेटवरच्या माणसाला पाच सहा गोष्टी कळल्या तरी खूप आहे. मुलाला न विचारता हात लावायचा नाही, तपासणी करायचीच असेल तर काय करणार ते आधी सांगायचं किंवा पालकाने खिसे उलटे करून दाखवायचे. छोटं वाक्य बोलायचं आणि मग गप्प राहायचं, मुलाला ते वाक्य पोचायला वेळ लागतो, आपण घाईने तेच वेगळ्या शब्दांत परत म्हटलं की त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. "माझ्याकडे बघ" म्हणायचं नाही. चघळायचं खेळणं, टॅब्लेट, ठरलेला खाऊ काढून घ्यायचा नाही, न बोलणाऱ्या मुलासाठी तो टॅब्लेट म्हणजे त्याची वाचा असते. सूर्यफुलाची हिरवी लेस गळ्यात दिसली तर समजायचं की या व्यक्तीला न दिसणारी अडचण आहे, ही पद्धत २०१६ साली लंडनच्या गॅटविक एअरपोर्टवर सुरू झाली आणि आता कितीतरी देशांत चालते. पण लेस नसलेलं मूलही ऑटिस्टिक असू शकतं, पुरावा मागत बसू नये.

तिकिटाच्या टप्प्यावरच अर्धी कामं होतात. रांगेच्या कडेची सीट, दाराजवळ, स्पीकरपासून लांब. लवकर आत सोडणं, म्हणजे हॉल रिकामा असताना मूल येऊन सीट बघून, काळोख कुठून होतो ते बघून घेतं. बाहेर जाऊन परत यायची मुभा, ही तिकिटावर छापलेली असावी, नाहीतर दारावरचा माणूस अडवतो आणि आईला रडणाऱ्या मुलासकट त्याच्याशी हुज्जत घालावी लागते. आणि मूल त्या दिवशी येऊच शकलं नाही तर पैसे परत किंवा तारीख बदलून. ऑटिस्टिक मुलाचा दिवस कसा उजाडेल हे आदल्या रात्री सांगता येत नाही, त्यामुळे हे नसलं की कितीतरी घरं तिकीट काढायचं धाडसच करत नाहीत.

"एवढं सगळं करण्यापेक्षा मुलाला घरीच ठेवलेलं बरं नाही का, त्याच्याच भल्यासाठी" हे मला कितीतरी चांगल्या माणसांनी विचारलंय, आणि मला दर वेळी पोटात तुटतं. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ साली झाला, त्याचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक, खेळ यांत बरोबरीने भाग घेण्याबद्दलच आहे, आणि त्याच करारात वाजवी सोयी नाकारणं हा भेदभाव मानलाय. म्हणजे नाटक बघणं, मॅच बघणं हा हक्क आहे. आणि मूल घरी राहिलं की एकटं राहत नाही, त्याच्याबरोबर आई राहते, बहीण राहते, कुटुंबाचं एकत्र कुठे जाणंच बंद होतं.

खास वेगळा शो ठेवावा की नेहमीच्याच शोमध्ये सोयी द्याव्यात, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मला विचाराल तर दोन्ही हवेत. वेगळ्या शोमध्ये कुणी वळून बघत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला तो मोकळेपणा फार लागतो. पण तेवढंच ठेवलं तर वर्षातून एका दुपारी, जे नाटक ते निवडतील तेच, आणि ज्या मुलाला शनिवारच्या मॅचचं वेड आहे त्याला मॅच शनिवारीच बघायची असते.

घरच्यांनी काय करावं, तर आधी मुलाचा कल बघा, आपली हौस नको. त्याचं आवडतं गाणं, आवडता खेळ असेल तर ते बरंच काही सोसून घेतं. सोशल स्टोरी आठवडाभर आधीपासून वाचा, शक्य असेल तर रिकामी जागा आधी दाखवून आणा. बाहेर पडायची खूण ठरवा, बोलून नव्हे, कार्ड किंवा हाताची खूण, आणि मुलाने ती केली की त्याच क्षणी उठा, "हे एक गाणं होऊ दे मग जाऊ" नको, एकदा जरी तुम्ही टाळलंत तरी पुढच्या वेळी त्याचा त्या खुणेवरचा विश्वास जातो. मध्यंतराला गर्दीत बाहेर पडण्यापेक्षा दहा मिनिटं आधी उठा. दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका, थकवा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बाहेर येतो. आणि शाळेतून सरळ संध्याकाळच्या शोला नेऊ नका, शाळेचा गोंगाट आधीच अंगात असतो.

छोट्या आयोजकांना, शाळेचं गॅदरिंग करणाऱ्यांना, हौशी नाटकवाल्यांना वाटतं की आपल्याकडे कुठे एवढा पैसा. तर एक रिकामी खोली उघडी ठेवा आणि दारावर ठळक अक्षरात शांत खोली लिहा. हॉलचे मागचे दोन लाइट सुरू राहू द्या. साउंडवाल्याला मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, थोडा खाली ठेवायला आणि माइकची शिट्टी आधी तपासायला सांगा, ती शिट्टी भल्याभल्यांना सोसत नाही. टॉयलेटमधलं मशीन बंद. फोनने काढलेले जागेचे फोटो आणि वेळेचा तक्ता निमंत्रणाबरोबरच पाठवून द्या, कुणाचं मूल ऑटिस्टिक आहे ते न विचारता, सगळ्यांना. सूत्रसंचालकाला सुरुवातीलाच दोन वाक्यं बोलायला सांगा, की आज इथे कुणी मध्येच उठेल, कुणी आवाज काढेल, कुणी हेडफोन घालून बसेल, आणि ते सगळं चालणार आहे. कार्यक्रम झाला की आलेल्या कुटुंबांना फोन करा, कुठे अडलं ते विचारा, मूल बोलत असेल तर त्यालाच विचारा, आणि ते जे सांगतील ते पुढच्या वेळच्या यादीत लिहून ठेवा.